अय्याराच्या बटव्यातली बाराखडी

मोठे माणूस नवी लिपी शिकते ते बहुधा गरजेपोटी. सरकारदरबारी अर्ज करायचा असतो, नोकरी मिळवायची असते, परमुलखात दुकान थाटायचे असते. कोणी पोथी वाचता यावी म्हणून शिकतो. पण एखाद्या कादंबरीत पुढे काय झाले हे कळावे, एवढ्याचसाठी चांगली मिशा पिकलेली माणसे पाटी घेऊन बसली आणि ‘क’ला काना ‘का’ गिरवू लागली, असे कोठे घडले असेल काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काशी आणि तिच्या आसपासच्या मुलखात असे घडले. त्या कादंबरीचे नाव ‘चंद्रकांता’ आणि लेखकाचे नाव बाबू देवकीनंदन खत्री.

ही हकीकत हिंदी मुलखात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की आता तिला दंतकथेचा वास येऊ लागला आहे. असे किती लोक लिपी शिकले याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण या प्रकरणातला साक्षीदार मात्र मोठा वजनदार आहे. ते आहेत हिंदी समीक्षेचे पितामह आचार्य रामचंद्र शुक्ल. १९२९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘हिंदी साहित्य का इतिहास’ आजही प्रमाण मानला जातो. शुक्लजींना खत्रींच्या कादंबऱ्या मुळीच पसंत नव्हत्या. त्यांत रस नाही, भाव नाही, स्वभावचित्रण नाही. आहे ते केवळ घटनांचे वैचित्र्य. सबब ही पुस्तके साहित्याच्या कोटीत बसत नाहीत, असा निकाल त्यांनी दिला. आणि त्याच इतिहासात त्यांनी हेही नोंदवून ठेवले, की हिंदीला जेवढे वाचक या एका लेखकाने मिळवून दिले तेवढे दुसऱ्या कोणीही दिले नाहीत. कितीतरी उर्दू जाणणारे लोक निव्वळ ‘चंद्रकांता’ वाचण्यासाठी हिंदी शिकले. विरुद्ध पक्षाच्या वकिलानेच अशी कबुली दिल्यावर आणखी पुरावा कशाला हवा?

आजच्या घडीला, आपली भाषा कोण वाचणार या चिंतेने घरोघरी आणि सभासंमेलनांतून उसासे टाकले जात असताना, ही सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट पुन्हा एकदा उलगडून पाहण्याजोगी आहे.

‘यक्कू’च्या पलीकडे

मराठी माणसाला ‘चंद्रकांता’ ठाऊक झाली ती दूरदर्शनमुळे. १९९४ साली नीरजा गुलेरी यांची मालिका सुरू झाली आणि रविवारच्या सकाळी घराघरांत क्रूरसिंगाच्या त्या वर वळलेल्या भुवया आणि ‘यक्कू’ हा त्याचा पालुपदासारखा उद्गार पोरासोरांच्या तोंडी झाला. अखिलेंद्र मिश्रा यांनी रंगवलेला हा खलनायक नायकापेक्षाही जास्त लक्षात राहिला. पुढे जगभर नावाजले गेलेले इरफान खान हेही या मालिकेत बद्रीनाथ अय्याराच्या वेशात होते. लेखन हिंदीतले नामवंत कथाकार कमलेश्वर यांचे होते. पण मालिका म्हणजे कादंबरी नव्हे. मालिकेने मूळ कथेत मनसोक्त भर घातली, नवी पात्रे आणली, जुनी फुगवली. ज्यांनी फक्त मालिका पाहिली त्यांनी ‘चंद्रकांता’ अजून वाचलेली नाही, असेच म्हटले पाहिजे.

मूळ कथा तशी सरळ आहे. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे एकमेकांवर प्रेम आहे. विजयगढच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह याचा डोळा राजकन्येवर आणि पर्यायाने गादीवर आहे. डाव फसल्यावर तो चुनारच्या राजा शिवदत्ताचा आश्रय घेतो, शिवदत्त स्वतःच चंद्रकांतेच्या मोहात पडतो आणि दोन प्रेमिकांच्या आड तीन राज्यांचे राजकारण उभे राहते. एवढीच गोष्ट असती तर ती कोणीही वाचून विसरला असता. वाचकांना झपाटून टाकले ते राजकुमाराने नव्हे की राजकन्येने नव्हे. झपाटले ते अय्यारांनी आणि तिलिस्माने.

अय्यार म्हणजे काय? आपल्याकडे बहिर्जी नाईकांच्या ज्या कथा सांगितल्या जातात त्या आठवाव्यात आणि त्यात वैद्य, गवई, पैलवान नि बहुरूपी मिसळावेत, म्हणजे अय्याराचा थोडाफार अंदाज येतो. तो क्षणात म्हातारी होतो, क्षणात शत्रूच्याच घरचा नोकर. त्याच्या कमरेला बटवा असतो. त्यात वेषांतराचे रंग, शुद्ध हरपवणारी पूड, बेशुद्ध माणसाला हुंगवून जागे करायचा लखलखा, भिंत चढायची दोराची कमंद, मेणबत्ती, खंजीर असा सारा संसार भरलेला. अय्यार आपसांत सांकेतिक बोली बोलतात. शत्रूचा अय्यार हाती लागला तर त्याला ठार करायचे नाही, कैदेत टाकायचे, असा त्यांच्यात रिवाज. वीरेंद्रसिंहाचा जिवलग तेजसिंह हा असा अय्यार. आणि चंद्रकांतेची सखी चपला ही त्याच्या तोडीस तोड अय्यारीण. जिथे राजकन्येला सोडवायला पुरुष निघतात तिथेच वेष पालटून रात्री-अपरात्री चपलाही निघते. आपल्या प्रस्तावनेत खत्रींनी अय्यारांची थोरवी सांगितली आहे ती मोठी बोलकी आहे. राजाराजांत युद्ध जुंपले की ही माणसे आपल्या हुशारीने रक्त न सांडता, फौजा न गमावता ते मिटवत, असे ते म्हणतात. म्हणजे हे शौर्याइतकेच डोक्याचे पुस्तक आहे.

आणि तिलिस्म? कुण्या जुन्या राजाने अफाट धन आपल्या पुढच्या पिढीतल्या एखाद्या वंशजासाठी जमिनीखाली, डोंगराच्या पोटात दडवून ठेवलेले असते. त्याच्याभोवती दालनांची, दरवाजांची, पुतळ्यांची अशी रचना केलेली, की चुकीच्या माणसाने पाऊल टाकले तर तो अडकलाच. ज्याच्या नशिबी ते लिहिले आहे तोच ते ‘तोडू’ शकतो. दगडी माणूस चालत्या माणसाला गिळतो, पायाखालची फरशी खाली जाते, भिंत दार होते. पण गंमत अशी की यात भूत नाही, जिन नाही, मंत्र नाही. हळूहळू कळते ते असे की इथे कळ होती, तिथे साखळी होती, अमुक धुराने गुंगी येत होती. पुढच्या ‘चंद्रकांता संतति’त तर असा तिलिस्मी खंजीर आहे, की ज्याच्या स्पर्शाने विजेच्या धक्क्यासारखा झटका बसून माणूस कोसळतो. रेल्वे आणि तारायंत्र ज्यांनी डोळ्यांदेखत आलेले पाहिले त्या पिढीला हा चमत्कार फार जवळचा वाटला असला पाहिजे. ‘हे कसे झाले?’ या प्रश्नाला उत्तर आहे, ते आत्ता नाही पण पुढे मिळणार आहे, ही खात्री वाचकाला पानामागून पान उलटायला लावत होती.

जंगलाचा ठेकेदार

खत्रींचा जन्म १८६१ सालचा, बिहारमधल्या पूसा येथे आजोळी. घराणे व्यापारी. शिक्षणाचा आरंभ उर्दू-फारसीतून. हिंदी आणि संस्कृत मागाहून. तरुणपणी गयेजवळच्या टिकारी संस्थानात व्यापारधंदा केला, मग काशीला येऊन राहिले. काशीनरेशांच्या मर्जीतून त्यांना चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका मिळाला. लाकूडफाट्याच्या हिशेबासाठी हा माणूस विंध्याच्या त्या दऱ्याखोऱ्यांतून महिनोन् महिने हिंडला. पडके किल्ले, बुजलेली भुयारे, ओढ्याकाठच्या गुहा त्याने पाहिल्या. पुढे ठेका गेला, पण डोळ्यांत साठलेले जंगल काही गेले नाही.

म्हणूनच ‘चंद्रकांता’तला भूगोल हवेतला नाही. नौगढ आज उत्तर प्रदेशातल्या चंदौली जिल्ह्यात आहे, विजयगढचा किल्ला सोनभद्र जिल्ह्यात आणि चुनारचा किल्ला मिर्झापूर जिल्ह्यात, गंगेच्या अगदी काठावर. हे राजे, ही लढाई, हे तिलिस्म यांना इतिहासाचा आधार नाही. पण काशीचा वाचक बैलगाडीत बसून जिथे जाऊ शकत होता तिथेच हे सारे घडत होते. रोज पाहिलेल्या टेकडीच्या पोटात खजिना असू शकतो, ही कल्पना परक्या देशातल्या राक्षसांपेक्षा कितीतरी अधिक थरारक असते.

‘चंद्रकांता’ १८८८ च्या सुमारास निघू लागली. तिचे भाग चार. तिने जी भूक चाळवली ती भागवायला खत्रींनी ‘चंद्रकांता संतति’ हाती घेतली. त्यात वीरेंद्रसिंहाच्या दोन मुलांची, इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह यांची कथा चोवीस भागांत चालली आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत पुरी झाली. प्रकरणांना ते ‘बयान’ म्हणत. प्रत्येक बयान अशा ठिकाणी थांबे, की पुढचे वाचल्याशिवाय जेवण गोड लागू नये. १८९८ साली त्यांनी काशीत स्वतःचा ‘लहरी प्रेस’ काढला. वाचकांच्या ओढीवर एक छापखाना उभा राहिला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. १९०१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभरांत पाच-सहा माणसेच साक्षर होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या यशाची किंमत कळते. अर्थात त्या काळी पुस्तक एकट्याने मनातल्या मनात वाचायची वस्तू नव्हतीच. एक वाचणार आणि चारचौघे ऐकणार, हीच रीत. आणि ऐकणाऱ्यांतल्या ज्याला पुढच्या बैठकीपर्यंत धीर धरवत नसे, त्याला एकच मार्ग उरे. तो म्हणजे स्वतः अक्षरे शिकणे.

वाचकांच्या प्रेमाचा आणखी एक पुरावा ‘संतति’तच आहे. तीत भूतनाथ नावाचा एक अय्यार येतो. हा नायक नव्हे, खलनायकही नव्हे. त्याच्या मागल्या आयुष्यात काळीबेरी कृत्ये आहेत, ती झाकण्यासाठी तो धडपडतो, आणि तरी तो चांगल्यांच्या बाजूला येऊ पाहतो. असल्या माणसाची कथा पुन्हा पहिल्यापासून सांगावी इतके त्याचे गारूड झाले. १९०७ च्या सुमारास खत्रींनी ‘भूतनाथ’ ही स्वतंत्र मालिका आरंभली. सहा भाग झाले आणि १९१३ साली त्यांचे निधन झाले. गोष्ट मात्र थांबली नाही. त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी पुढचे भाग लिहून ती तडीस नेली. लेखक गेला तरी वाचक दाराशी उभेच होते.

लिपी परकी, भाषा घरची

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उर्दू वाचणाऱ्या माणसाने या एका पुस्तकापायी नागरी अक्षरे गिरवली, हे घडले कसे?

त्या काळच्या वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, कचेऱ्यांची भाषा उर्दू आणि लिपी फारसी. कायस्थ, खत्री, अशा नोकरीपेशाच्या आणि व्यापारी घरांतली हिंदू मुलेही आधी अलिफ-बे शिकत. खुद्द देवकीनंदन तसेच शिकले. नागरी लिपीला कचेरीत स्थान मिळावे यासाठी मोठी चळवळ चालू होती. १८९३ साली काशीतच नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली. पंडित मदनमोहन मालवीयांनी या मागणीचा पाठपुरावा केला आणि एप्रिल १९०० मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर मॅक्डॉनेल यांच्या हुकमाने कचेऱ्यांत नागरीला मुभा मिळाली. निवेदने, शिष्टमंडळे, सभा, हुकूम, सारे रीतसर झाले. या कामाचे मोल कमी नाही. पण नागरी ही देशकार्य म्हणून शिकायची गोष्ट आहे, असे सांगून माणूस फार तर मान डोलावतो. पाटी हातात घ्यायला त्याला दुसरेच काहीतरी लागते.

ते खत्रींनी दिले. आणि देताना एक शहाणपण केले. त्यांनी पुस्तक नागरीत छापले, पण भाषा बाजारातली, घरातली, रोजची ठेवली. शुक्लजींनी तिला साहित्यिक हिंदी न म्हणता ‘हिंदुस्तानी’ म्हटले, ते काही कौतुकाने नव्हे. परंतु खरी किल्ली तिथेच आहे. अय्यार, तिलिस्म, बयान, बेहोशी, लखलखा हे सगळे शब्द अरबी-फारसीच्या दालनातले. उर्दू वाचणाऱ्याला ते पाठच होते. म्हणजे त्याला नवी भाषा शिकायचीच नव्हती. शिकायची होती ती फक्त अक्षरांची वळणे. चार-सहा आठवड्यांचे काम. एकदा वळणे बसली, की समोर उभा असलेला मजकूर त्याच्या स्वतःच्या बोलीतला. याच जागी संस्कृतप्रचुर शब्दांची तटबंदी असती, तर कितीही मोठा खजिना आत असूनही तो बाहेरूनच परतला असता. तिलिस्माचे दार कसे उघडे ठेवायचे हे तिलिस्म रचणाऱ्यालाच कळले होते.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. अय्यार आणि तिलिस्म ही खत्रींची निर्मिती नाही. ती आली उर्दूतल्या दास्तानांतून. अमीर हमजाची दास्तान लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३ पासून छापायला घेतली आणि तिचे एकूण ४६ जाडजूड खंड निघाले. त्यातले ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ सर्वांत लाडके. तिथे जादूगारांच्या फौजा आहेत आणि अमर अय्यारासारखा अचाट माणूस आहे. खत्रींनी हा वारसा घेतला, त्यातली जादू काढून यंत्र बसवले, मैदान विंध्याच्या डोंगरात आणले आणि लिपी बदलली. त्यांच्या कादंबरीत क्रूरसिंहाचे नाजिम आणि अहमद हे दोन कपटी अय्यार मुसलमान आहेत, हेही आजच्या वाचकाला खटकल्याशिवाय राहत नाही. पुढे दोन लिप्या म्हणजे दोन धर्म आणि दोन भाषा अशी जी दुर्दैवी वाटणी झाली, तिचा दोष या गोष्टीवेल्हाळ माणसाच्या माथी मारता येणार नाही. पण हिंदीचा वाचक वाढत असताना दास्तानगोईची बैठक ओस पडत गेली, हे खरे. दिल्लीचे शेवटचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली गेले आणि ती कला जवळजवळ बंद पडली. शम्सुर्रहमान फारूकी यांच्या मार्गदर्शनाखाली महमूद फारूकी यांनी २००५ साली ती पुन्हा रंगमंचावर आणली तेव्हा तरुण श्रोत्यांनी तिला उचलून धरले. अय्यार मरत नाही, हेच खरे.

नाके मुरडणारे आणि वाचणारे

मोठ्या साहित्याचे मूळ अशा ‘हलक्या’ वाचनात कसे असते, याचे उदाहरण प्रेमचंदांइतके दुसरे सापडणार नाही. तेराएक वर्षांचे असताना ते गोरखपूरला होते आणि त्यांना उर्दू कादंबऱ्यांचे विलक्षण वेड लागले होते. एका पुस्तकविक्रेत्याच्या क्रमिक पुस्तकांवरच्या मार्गदर्शिका शाळेत खपवून द्यायच्या आणि त्या बदल्यात दुकानातल्या कादंबऱ्या घरी नेऊन वाचायच्या, असा त्यांनी सौदा केला होता. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ त्यांनी तेव्हाच वाचले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे याच मुलाने तिलिस्म बाजूला सारून शेतकरी, विधवा, वेश्या, कारकून यांना कादंबरीत आणले.

आणि पाहा, त्यांची ‘बाजार-ए-हुस्न’ ही कादंबरी आधी उर्दूत लिहिली गेली, पण ती पहिल्यांदा छापली गेली हिंदीत, ‘सेवासदन’ या नावाने, १९१८ च्या सुमारास. उर्दू आवृत्तीला त्यानंतर काही वर्षे थांबावे लागले. उर्दूचा लेखक हिंदीकडे वळला, कारण तिथे प्रकाशक होता. आणि प्रकाशक होता, कारण वाचक होता. हा वाचक काय आभाळातून पडला? तो घडवण्यात शाळांचा, मासिकांचा, सभेचा वाटा होताच. पण त्यातल्या कित्येकांनी पहिले जाड पुस्तक उघडले होते ते चंद्रकांतेचे काय झाले हे पाहायला. शुक्लजींनीही मान्य केले आहे, की ‘चंद्रकांता’ वाचून झाल्यावर लोक दुसऱ्या पुस्तकांकडे वळले आणि वाचता वाचता काही जण लिहूही लागले. ज्या शिडीवरून घर वर चढले तिला अडगळीत टाकण्याची घाई मात्र समीक्षेने केली.

आपल्याकडे वेगळे काय झाले? खत्री जन्मले त्याच साली, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. राजपुत्र, राजकन्या, वियोग, संकटे आणि गोड शेवट यांनी भरलेल्या या अद्भुतरम्य कादंबऱ्या मराठी माणसाने आवडीने वाचल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडितानेही अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणायला कमीपणा मानला नाही. पण १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांविषयीच्या आपल्या निबंधात या अवास्तव प्रकाराला फैलावर घेतले. पुढे हरिभाऊ आपट्यांनी वास्तवाची वाट रुळवली आणि तीच मराठी कादंबरीची राजरस्त्यासारखी वाट ठरली. हरिभाऊंनी जे दिले त्याचे ऋण फिटणारे नाही. तरीही १९१३ साली, म्हणजे खत्री गेले त्याच वर्षी, नाथमाधवांची ‘वीरधवल’ आली आणि वाचकांनी ती डोक्यावर घेतली. पुढे बाबूराव अर्नाळकरांच्या ‘काळापहाड’ आणि ‘झुंजार’ने तर वाचनालयांची कपाटे रिकामी केली. समीक्षकांनी दार लावले की वाचक खिडकीतून शिरतो.

एक फरक मात्र आहे. मराठी माणसाच्या हातातही दोन लिप्या होत्या, दप्तराची मोडी आणि छापील बाळबोध. पण मोडी मागे पडून बाळबोध रूढ झाली ती शाळाखात्यामुळे, क्रमिक पुस्तकांमुळे, छापखान्याच्या सोयीमुळे. एखाद्या गोष्टीने वेड लावले म्हणून लिपी शिकलो, असे सांगणारी पिढी आपल्याकडे झाली नाही. आपण वाचनाची सांगड फार लवकर अभ्यासाशी आणि संस्काराशी घातली. ‘चांगले वाच’ हे वाक्य मराठी घरात जितक्यांदा उच्चारले जाते, त्याच्या दशांशाने तरी ‘हे वाच, झोप उडेल’ असे म्हटले जाते काय?

हुकूम आणि हव्यास

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. आनंद झाला, तो रास्तच होता. अभ्यासाला, संशोधनाला त्याचा उपयोग होईल. पण १९०० सालच्या त्या हुकमाची गोष्ट इथे आठवते. हुकमाने नागरी कचेरीत गेली. घरात ती गेली ती पुस्तकांच्या पाठीवर बसून. दर्जा भाषेला मान देतो, वाचक देत नाही. वाचक येतो तो हव्यासाने. दुसरीकडे कोठेही न मिळणारी वस्तू या भाषेत आहे आणि ती आजच्या आज हवी आहे, असे वाटले तर तो येतो.

तो हव्यास आजच्या मुलांना नाही, असे म्हणण्याची सोय नाही. ‘हॅरी पॉटर’चे आठ-आठशे पानांचे ठोकळे याच मुलांनी संपवले. अवघड इंग्रजी शब्दांना अडखळत, अर्थ अंदाजाने लावत, दिव्याखाली डोळे ताणत संपवले. नागरी अक्षरे गिरवणाऱ्या त्या काशीच्या वाचकाची ही थेट भावंडे. फरक इतकाच, की त्या काळी गोष्टीने वाचकाला देशी भाषेच्या दारात आणले आणि आज गोष्टच त्याला दुसऱ्या दाराने घेऊन जाते. यात मुलांचा काय दोष? त्यांच्यासाठी सह्याद्रीच्या पोटात कोणी खजिना पुरून ठेवला आहे काय? हरिश्चंद्रगडाच्या कड्यात, नाणेघाटाच्या खिंडीत, एखाद्या जलदुर्गाच्या भुयारात कळ लपवणारा लेखक आपण किती वेळा घडवला, आणि घडलाच तर त्याला किती दिवस ‘बालवाङ्मय’ म्हणून कोपऱ्यात बसवले?

खत्रींच्या कादंबऱ्या आज वाचताना त्यातले दोष लपत नाहीत. बेशुद्ध करणे आणि शुद्धीवर आणणे यांचा पुढेपुढे कंटाळा येतो. वेषांतराखालून पुन्हा वेषांतर निघते तेव्हा हसूही फुटते. नायक-नायिका पहिल्या पानावर जशा असतात तशाच शेवटच्या पानावर. शुक्लजींनी काढलेल्या खोड्या खोट्या नव्हत्या. पण एवढे सारे दिसत असूनही हात पान उलटतच राहतो, याला काय म्हणावे? जंगलाचा ठेका गेलेल्या एका ठेकेदाराने केवळ करमणूक म्हणून आरंभलेल्या गोष्टीने एका भाषेला वाचक मिळवून दिले, आणि तेही कोणाला शिकवण्याचा आव न आणता. अय्याराच्या बटव्यात रंग होते, लखलखा होता, कमंद होती, हे सर्वांना दिसले. त्याच बटव्यात बाराखडीही होती, हे वाचकांना कळले तेव्हा ती त्यांना येऊ लागली होती.

‘चंद्रकांता’ आजही छापली जाते, स्वस्तात मिळते आणि तिची हिंदी मराठी माणसाला जवळजवळ कोशाविना उमगते. लिपी तर आपलीच आहे. त्या काशीच्या वाचकाला जे कष्ट पडले ते आपल्या वाट्याला नाहीत. घरात आठ-दहा वर्षांचे मूल असेल तर एखाद्या रात्री पहिले बयान त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, अडेल तिथे मराठीत सांगावे, आणि तेजसिंह संकटात सापडला की पुस्तक मिटून दिवा मालवावा. सकाळी ते पुस्तक जागेवर सापडले नाही, तर रागावू नये.